रविवारी बाया कुठे असतात?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: विदर्भातल्या एका लहान गावात मी पाळक आहे. वय ३६. मंडळी चाळीसेक घरांची. बहुतेक शेतमजूर, काही कास्तकार, दोन-तीन मास्तर. दोन रविवारांमागे मी बायबलमधल्या आमोस संदेष्ट्यावर उपदेश केला. दुसऱ्या राज्यांत जाळलेली चर्चेस, बेघर झालेली माणसं, त्यावर गप्प बसलेले पुढारी, सगळं बोललो. तीन कुटुंबं मधेच उठून गेली. पंच कमिटीचे उपाध्यक्ष, १८ एकरांचे कास्तकार, उपासनेनंतर म्हणाले, 'सायेब, चर्चमंधी राजकारन नोका आनू.' तरुण संघाची पोरं उलट चिडली: नावं का घेतली नाहीत? कोणीतरी उपदेशाचा चाळीस सेकंदांचा तुकडा मोबाइलवर फिरवला. मग गावातले दोघं घरी येऊन 'इथं काय शिकवता' असं विचारून गेले. बायको घाबरली आहे. घर मंडळीचं, पगार दानातून. कापसाच्या वेचणीमुळे बायांची हजेरी तशीही निम्म्यावर आली आहे, त्यात ही फूट. गेल्या निवडणुकीत असं काही नव्हतं. उलट उमेदवार चर्चला आले, सत्कार झाला, अंगणात पेव्हर ब्लॉक लागले. आता तारणापुरता, म्हणजे आत्म्याच्या उद्धारापुरता, उपदेश करून गप्प राहू, की मंडळी फुटली तरी बोलत राहू?

सलाम, पाळक साहेब.

पेव्हर ब्लॉकपासूनच सुरुवात करते, कारण ते वाचून मला हसू आलं. उमेदवार आला, शाल-श्रीफळ झालं, वेदीशेजारी उभं राहून त्यानं दोन शब्दही बोलून घेतले असतील. तेव्हा चर्चमध्ये राजकारण शिरलं असं कोणालाच वाटलं नाही. उपाध्यक्षांना नाही, आणि पत्रावरून दिसतं की तुम्हालाही नाही. पावसाळ्यात चिखल होत नाही, बरंच झालं. पण 'राजकारण' हा शब्द तुमच्या मंडळीत नेमका कशाला लागतो, ते एकदा तपासा.

कायद्यानं बघायला गेलं तर हिशोब उलटाच निघतो. धार्मिक संस्थांचा दुरुपयोग रोखणारा १९८८ चा कायदा आहे. प्रार्थनास्थळाची जागा राजकीय कामाला वापरू नये असं तो सांगतो. धर्माच्या नावावर मत मागणं हा लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ प्रमाणे भ्रष्ट आचार आहे, आणि २०१७ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठानं त्याचा अर्थ आणखी व्यापक केला. म्हणजे जपायला हवं होतं ते सत्काराच्या दिवशी. कोणाला मत द्या, कोणाला देऊ नका, हे वेदीवरून कधीच बोलू नका, आणि उमेदवाराला तिथे उभंही करू नका. मजुराची मजुरी अडकवू नये हे शास्त्रातून वाचून दाखवायला मात्र हे कायदे आड येत नाहीत.

आता उपदेशाकडे. उपाध्यक्षांचं वाक्य जुनंच आहे. आमोसाच्या सातव्या अध्यायात बेथेलचा याजक अमस्या त्याला जवळजवळ हेच सांगतो: तू आपला यहूदात जा, तिकडेच भाकर खा, तिकडेच संदेश दे, हे राजाचं पवित्रस्थान आहे. उपाध्यक्ष बोलत होते तेव्हा तुमच्या मनात अमस्या येऊन गेला असणार. माझ्याही आला असता. पण घाई नको. तुम्ही आमोसावर बोललात खरे, पण आमोस अर्धाच सांगितलात.

पहिले दोन अध्याय पुन्हा काढा. तो सुरुवात करतो दमास्कसपासून. मग गज्जा, सोर, अदोम, अम्मोन, मवाब. सगळी शेजारची, वैऱ्यांची नावं. ऐकणारे इस्राएली माना डोलवत असणार. वैऱ्याचं पाप ऐकायला कोणाला आवडत नाही? मग यहूदा येतो, म्हणजे घराच्या भिंतीला लागून. आणि आठव्या खेपेला बोट ऐकणाऱ्यांच्याच छातीवर येतं: चपलेच्या एका जोडासाठी तुम्ही गरिबाला विकता. तुमचा उपदेश दमास्कस-गज्जापर्यंत गेला आणि तिथेच मुक्काम करून राहिला. गावात परत आलाच नाही.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी पेन्सिलीनं अधोरेखित करून ठेवलंय. वेचणीमुळे बायांची हजेरी निम्म्यावर आली, असं तुम्ही जाता जाता लिहून गेलात. अन्यायावर उपदेश चालू होता तेव्हा मंडळीतल्या निम्म्या बाया कुठे होत्या, पाळक साहेब? कोणाच्या वावरात? तुम्ही लिहिलेलं नाही. पण १८ एकरांचा कास्तकार तुमच्या मंडळीत एकच दिसतो, आणि तो तर पहिल्या बाकावर बसून ऐकत होता. माझा अंदाज चुकला असेल तर पुढच्या पत्रात खुशाल झापा.

विसाव्याच्या दिवसाची आज्ञा आपण पोरांना पाठ करून घेतो. तिच्यामागचं कारण मात्र बायबलच्या 'निर्गम' या पुस्तकात एक दिलंय आणि 'अनुवाद' या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात वेगळंच. तिथे म्हटलंय, तुझ्या दासाला आणि दासीलाही तुझ्यासारखाच विसावा मिळावा, कारण तूही मिसरात दास होतास. म्हणजे हा दिवस मालकाच्या उपासनेआधी मजुराच्या पाठीसाठी आहे. तुमच्याकडे मालक उपासनेला येतो आणि मजूर ओटी बांधून वावरात जाते. हे मंडळीत कोणाला खटकत नसेल, तर मणिपूरवर कितीही कळवळून बोललात तरी ते ऐकायचे कान तयार नाहीत.

यात लगेच खलनायक शोधू नका. वेचणीचे पैसे किलोवर मिळतात. हंगाम थोड्या दिवसांचा, आणि आभाळ भरून आलं तर फुटलेलं बोंड ओलं व्हायला एक रात्र पुरते. रविवारचा खाडा पडला तर त्या बाईच्या घरी बाजार होत नाही. त्यामुळे 'रविवारी कामावर जाऊ नका' असा उपदेश केलात तर तो तिच्याच डोक्यावर पडेल. काही बायांना रविवारी जावंच लागत असेल, काहींना जायचंच असेल. त्यांना विचारल्याशिवाय तुम्हाला ते कळणार नाही.

उपाध्यक्षांचंही ऐकायला हवं. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये जाहीर झाला, पण तो मिळतो सरकारी खरेदीत, आणि तिथे ओलावा १२ टक्क्यांच्या वर गेला की गाडी परत. ८ ते १२ च्या मधे असला तर भावात कपात. ज्याला थांबायला सवड नाही तो खासगी व्यापाऱ्याला घालतो. मग कट्टी, म्हणजे वजनातली कपात, आली, चुकाऱ्याच्या, म्हणजे पैसे मिळायच्या, तारखा आल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केंद्र सरकारनं कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क उठवलं आणि ती सवलत पुढे डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली, म्हणजे नेमका आपला माल बाजारात यायच्या वेळी बाहेरचा कापूस स्वस्त झाला. हा माणूस बायांची मजुरी दोन आठवडे लांबवत असेल तर त्याचाही चुकारा कोणीतरी लांबवलेला असू शकतो. असं असलं म्हणून मजुरी लांबवणं क्षम्य होत नाही. पण आमोसाच्या आठव्या अध्यायात माप लहान करणारे, तराजूत खोट करणारे, गव्हाचा गाळ विकणारे व्यापारी आहेत. तो अध्याय वाचलात तर सगळ्यात आधी मान डोलवतील उपाध्यक्षच, कारण त्या काट्यावर ते दरवर्षी उभे राहतात.

इथे मला माझ्या वडिलांची गोष्ट सांगू द्या. तेही पाळक होते, अमरावती जिल्ह्यात. १९७६ साल. आणीबाणी चालू होती, नसबंदीच्या 'केसेस' आणायचे आकडे मास्तरांना ठरवून दिलेले. मंडळीतल्या एका सालगड्याला असंच नेलं. नेणारा मास्तर मंडळीतलाच. त्या रविवारी वडिलांनी वाटेत जखमी पडलेल्याला उचलणाऱ्या चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यावर उपदेश केला आणि त्या सालगड्याबद्दल अक्षर काढलं नाही. मी बारा वर्षांची होते, मला त्यांचा भयंकर राग आला. पण शनिवारी रात्री सायकल मारत दवाखान्यात जाऊन ते त्याच्याजवळ बसून आले होते, हे मला पुढे त्या सालगड्याच्या बायकोनं सांगितलं. आणि सोमवारी ते त्या मास्तराकडे गेले. काय बोलले, कधी कळलं नाही. मास्तर पुढे वर्षभर चर्चला आला नाही आणि मग एका नाताळला आला. म्हातारपणी वडील म्हणायचे, तेव्हा बोलायला हवं होतं. मी त्यांना कधी 'नाही' म्हटलं नाही आणि 'हो'ही म्हटलं नाही. अजूनही ठरत नाही माझं.

पण एक कळलं. वेदी ही बोलायची एकच जागा नाही, आणि बऱ्याचदा पहिली तर नाहीच. नाथान संदेष्ट्यानं दावीद राजाला दुसऱ्याची बायको बथशेबा बळकावल्याबद्दल सुनावलं ते भर चौकात नव्हे, समोर बसून, आणि तेही एका गरिबाच्या कोकराची गोष्ट सांगून. दाविदानंच चिडून निकाल दिला, तेव्हा कुठे नाथान म्हणाला, तो माणूस तूच. मत्तयाच्या अठराव्या अध्यायातही क्रम तोच: आधी एकट्यात, मग दोघा-तिघांसमक्ष, मंडळीपुढे सगळ्यात शेवटी. उद्या उठून तुम्ही उपाध्यक्षांकडे बघत मजुरीवर उपदेश झोडलात तर तो अन्यायावरचा उपदेश होणार नाही, उट्टं काढणं होईल, आणि चाळीस घरांना ते बरोबर कळेल.

म्हणून आधी बायांकडे जा. महिला मंडळाच्या एखाद्या जुन्या बाईला विचारून, त्यांच्या वस्तीत, रात्री आठच्या सुमाराला, स्वयंपाक उरकल्यावर. घरसभा म्हणून जा, पण लांब संदेश देऊ नका. मत्तयाच्या विसाव्या अध्यायातला दाखला वाचा, बाजारात दिवसभर काम नसलेले मजूर, 'आम्हाला कोणी लावलंच नाही' म्हणणारे, आणि विचारा, तुमच्याकडे असं कधी होतं? मग गप्प बसा. हे गप्प बसणं आपल्या पाळक मंडळींना फार जड जातं. सेमिनरीत तीन मुद्दे आणि समारोप शिकवतात, ऐकून घ्यायचा तास कुठे असतो? आपल्याच भागात शेंडगावला जन्मलेले गाडगेबाबा दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनात प्रश्न विचारून उत्तरं लोकांच्याच तोंडून काढायचे. तुमचा धर्म वेगळा असेल, पण ज्यांच्यापुढे तुम्ही बोलता त्यांचा कान त्याच मातीतला आहे.

त्या रात्री जे कळेल ते लिहून ठेवा, नावं न घालता. कोणाची मजुरी किती दिवस राहिली, बाया-माणसांच्या मजुरीत फरक किती, फवारणीला कोण जातं आणि तोंडाला काय बांधतं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, ते अजून लोक विसरलेले नाहीत. कोणाचं वावर सावकाराकडे अडकल्याचं निघालं तर ते उपदेशाचं काम नव्हे. २०१४ च्या सावकारी कायद्याखाली सहकार खात्याच्या निबंधकाकडे तक्रार करता येते, बेकायदा सावकारीत गेलेली जमीन परत मिळवून द्यायची तरतूद त्यात आहे. तो अर्ज लिहून देणं आणि सोबत जाणं हेही पाळकाचंच काम. हे दुसऱ्या कुठल्या गावात दुसऱ्या कुठल्या मंडळीलाही लागू आहे, आणि मंदिर-विहारातल्या मंडळींनाही.

कळल्यावर मग बोलायचं. एल साल्वादोरचे आर्चबिशप ऑस्कर रोमेरो आधी फार जपून वागणारे म्हणून ओळखले जायचे. १९७७ च्या मार्चमध्ये त्यांच्या एका गावच्या धर्मगुरूचा, रुतिलिओ ग्रांदे यांचा, वाटेत खून झाला आणि तिथून ते बदलले. त्यांच्या रविवारच्या प्रवचनात आधी शुभवर्तमान सविस्तर यायचं, मग त्या आठवड्यात कोणाला उचललं, कोणाला मारलं याची माहिती. ती त्यांच्या कचेरीतली माणसं आधी पडताळून घ्यायची. रेडिओवर देश ऐकायचा. २४ मार्च १९८० ला उपासना करतानाच त्यांना गोळी घातली. तुमच्यावर अशी वेळ येईल असं मला सुचवायचं नाही. पण त्यांची पडताळायची शिस्त उचला. मोबाइलवर आलेला व्हिडिओ, कोणाच्या तरी मेहुण्यानं सांगितलेली गोष्ट, हे वेदीवर नेऊ नका. एक चुकीची गोष्ट निघाली की पुढच्या दहा खऱ्या गोष्टी कोणी ऐकत नाही.

दूरच्या राज्यांतलं दुःख सोडून द्या असं माझं म्हणणं अजिबात नाही. ते मध्यस्थीच्या प्रार्थनेत आणा, गावांची नावं घेऊन, दर रविवारी, बातमी शिळी झाल्यावरही. राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना करा असं पौलानं तीमथ्याला लिहिलंय. तीही करा, कोणत्याही पक्षाचे असोत. जे कुटुंब तुमच्या उपदेशातून उठून गेलं ते प्रार्थनेतून सहसा उठत नाही.

'तारणापुरतं बोलू का' या तुमच्या प्रश्नाबद्दल थोडं. जुनी रजिस्टरं असतील तर काढून बघा. वऱ्हाडातल्या कित्येक ख्रिस्ती घराण्यांचा मूळ पुरुष किंवा मूळ बाई १८९६-९७ च्या नाहीतर १८९९-१९०० च्या दुष्काळात अनाथ होऊन मिशनच्या दारी आलेली आहे. मध्य प्रांतातल्या दुष्काळात पंडिता रमाबाई स्वतः फिरून मुली केडगावला घेऊन गेल्या. त्या पोरांना कोणी आधी तारण आणि मग भाकर असं विचारलं नव्हतं. तुमच्या उपाध्यक्षांच्या पणजोबांचं नाव त्या रजिस्टरात सापडलं, तर ते त्यांना नेऊन दाखवा. उपदेशापेक्षा ते जास्त बोलेल.

एका विषयावर मात्र मी तुम्हाला वेदीवरून गप्प राहायला सांगेन, निदान सध्या. जातीच्या दाखल्याचा. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं, काही मोजक्या शीख जाती सोडल्या तर, अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना दिला. १९५६ मध्ये बाकीचे शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आजही बाहेर. हा अन्याय आहे असं माझं स्पष्ट मत. पण तुमच्या मंडळीत किती घरांत कागदावर एक आणि रविवारी दुसरं असेल, हे तुम्ही जाणता. तिथे पोराची शिष्यवृत्ती असते, सुनेची नोकरी असते. चाळीस सेकंदांचा एक तुकडा अशा घराला रस्त्यावर आणू शकतो. त्यावर काम करायचं तर पाळकांच्या बैठकीत, वकिलाला सोबत घेऊन करा.

त्या तुकड्यावरून आठवलं. यापुढे उपदेश पूर्ण लिहून काढा, तारीख घाला, आणि मंडळीतर्फे सगळा रेकॉर्ड करून ठेवा. कोणी तुकडा दाखवला की आख्खं ऐकवता येतं. घरी आलेल्या त्या दोघांना, ओळखीचे असतील तर, कापणीच्या सणाला बोलवा. भाजीपाला-धान्याचा लिलाव असतो तेव्हा नाहीतरी गावातली माणसं येतातच. ओळखीचे नसतील, किंवा पुन्हा आले आणि भाषा धमकीची असली, तर पंच कमिटीला सोबत घेऊन पोलीस ठाण्यात लेखी कळवा. एकट्यानं जाऊ नका. आणि इथेच उपाध्यक्ष लागतील तुम्हाला. ठाण्यात त्यांच्या शब्दाला वजन आहे, तुमच्या नाही.

तरुण संघाच्या पोरांना एवढंच म्हणा, की नावं घ्यायची हौस असेल तर आधी मजुरीच्या हिशोबाच्या वह्या लिहून द्यायला वस्तीत चला. निम्मी येणार नाहीत. जी येतील ती तुमची.

बायकोची भीती. तिला 'विश्वास ठेव' म्हणाला असाल तर माफी मागा. आमोस मेंढरं राखायचा, उंबराची झाडं बघायचा. बेथेलच्या दानावर त्याचं घर चालत नव्हतं. तुमचं चालतं, आणि ते घरही मंडळीचं. हिशोब दोघांनी बसून करा: पगार थांबला तर किती महिने निघतील, मुलांना घेऊन कुठे जाता येईल, तिचं काही शिक्षण आहे का ज्यावर काम मिळेल. हे ठरलं की तुम्हाला वेदीवर उभं राहताना आवाज चढवावा लागणार नाही. कोणता उपदेश पुढे ढकलायचा यात तिचंही मत घ्या. उठून गेलेल्या तिन्ही घरी तिला सोबत घेऊनच जा, आणि उपदेशाचं समर्थन करत बसू नका. चहा घ्या, त्यांना काय लागलं ते ऐका. एखाद्या घराला खरंच राजकारण लागलं असेल. दुसऱ्याचा पोरगा कुठल्यातरी साहेबाच्या शिफारशीवर नोकरीला असेल. तिसऱ्याला गाडी पकडायची असेल फक्त.

उपाध्यक्षांकडे मात्र एकटे जा. रविवारचा विषय त्यांनी काढला तरच काढा. आधी चुकाऱ्याचं विचारा. बोलता बोलता बायांच्या पैशांचा विषय निघेलच, नाही निघाला तर वेचणी संपायच्या आत दुसऱ्यांदा जा आणि तुम्ही काढा. ते तुमच्याशी भांडतील, पण पाणी विचारतील आधी. आणि सकाळी जाऊ नका. या दिवसांत सकाळी ते जिनिंगवर गाडी रांगेत लावायला गेलेले असतात.